चोरीनंतरची सायकल : रोजच्या वाटेसाठी रोडबाइक निवडताना

कामावर जाण्यायेण्याची सायकल चोरीला गेली की तिच्या जागी दुसरी घेण्याचा निर्णय बहुधा घाईत होतो. रोजचे जाणे अडलेले असते, रिक्षा-बसचा खर्च सुरू झालेला असतो आणि डोक्यात राग असतो. मग काही जण गेली तशीच, त्याच मॉडेलची, जमल्यास त्याच रंगाची सायकल परत आणतात. काही जण ‘हीपण गेली तर?’ या धास्तीने हाताला लागेल ती स्वस्त सायकल उचलतात. पहिली सायकल घेताना जी माहिती नव्हती ती आता हाताशी असते, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. वाट किती लांब आहे, चढ कुठे लागतो, पावसाळ्यात काय बिघडले, हाताला मुंग्या किती वेळाने आल्या आणि सायकल नेमकी कुठून, कशी गेली, हे सगळे आता ठाऊक असते. दुसरी सायकल या माहितीच्या आधारे निवडली, तर ती पहिलीपेक्षा चांगली निघते.

दुकानात जाण्याआधी पोलीस ठाण्यातले काम उरकावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचा गुन्हा कलम ३०३ खाली येतो. चोरीचा माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, तर हा गुन्हा अदखलपात्र धरला जातो आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. रोडबाइकची किंमत सहसा या रेषेच्या बरीच वर असते, पण ते दाखवायला बिल लागते. दखलपात्र गुन्ह्याची खबर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते; मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. हरवलेल्या वस्तूची नोंद वेगळी आणि चोरीची तक्रार वेगळी. ‘सायकल सापडत नाही’ एवढेच लिहून दिले, तर पुढे विम्याचा दावा अडू शकतो.

सायकलला आरटीओचा नंबर नसतो. एके काळी नगरपालिका कर घेऊन सायकलींना बिल्ले देत असत. तीही पद्धत गेली. आता सायकलची ओळख म्हणजे फ्रेमवर ठोकलेला क्रमांक. पायडलांचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या खालच्या अंगाला तो बहुतेक सायकलींवर असतो. सायकल उलटी केल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून मालकाला तो क्वचितच माहीत असतो. क्रमांकाशिवाय सापडलेली सायकल आपलीच आहे, हे पटवून देणे फार कठीण जाते. नवी सायकल दुकानातून बाहेर काढण्यापूर्वी उलटी करून या क्रमांकाचा फोटो घ्यावा आणि दुकानदाराकडून तो बिलावर लिहून घ्यावा. दोन मिनिटांचे हे काम पुढे ढकलले की राहूनच जाते.

आता निवडीकडे. कामावर नेली जाणारी सायकल दिवसाकाठी तासभर चालते आणि आठ-नऊ तास कुठेतरी उभी असते. रात्र आणखी वेगळी. म्हणून कशावर बसायचे याआधी सायकल कुठे उभी राहणार याचे उत्तर मिळवावे. कार्यालयात, निदान कुलूपबंद खोलीत, सायकल नेता येत असेल, तर मनासारखी, चार पैसे जास्त देऊन घेतलेली सायकल परवडते. तळघरात पहारेकरी आणि कॅमेरा असेल, पण साखळी अडकवायला काहीच नसेल, तर व्यवस्थापनाला भिंतीत एक लोखंडी कडी बसवून देण्याची विनंती करावी. अनेक ठिकाणी तेवढ्याने काम भागते. सायकल दिवसभर रस्त्याच्या कडेला किंवा स्टेशनाबाहेर राहणार असेल, तर महाग गिअर आणि कार्बनची फ्रेम यांचा विचार सोडलेला बरा. सोसायटीचे पार्किंग लोकांना सुरक्षित वाटते, कारण फाटकावर वॉचमन असतो. पण फाटकातून सायकल हातात धरून बाहेर पडणाऱ्या माणसाला कोणी हटकत नाही. सायकल चालू करायला चोराला किल्लीही लागत नाही.

काहींच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर रोडबाइकपासून दूर नेते. अंतर चार-पाच किलोमीटर आणि सायकल वर नेण्याची मुभा फक्त घडी घातली तरच, अशा वेळी घडीची सायकल सरस ठरते. मुंबईच्या लोकलच्या गर्दीत अख्खी सायकल घालता येत नाही. पुण्यात मेट्रोने सायकल सोबत नेऊ दिली आहे. प्रवासाचा एक तुकडा रेल्वेने करायचा असेल, तर हा फरक मोठा आहे.

पैशांचा हिशेब करताना हाती असलेल्या रकमेतून कुलूप, पुढचा-मागचा दिवा आणि मडगार्ड यांची किंमत आधी वजा करावी; उरेल त्यात सायकल. उलट क्रमाने गेले की कुलुपाला पैसे उरत नाहीत आणि चाळीस हजारांच्या सायकलला दोनशे रुपयांची तार येते. जुन्या बिलाशी तुलना करणाऱ्यांनी एक बदल लक्षात घ्यावा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. घरात मागे राहिलेले सामानही हिशेबात धरावे. पंप, जादा ट्यूब, बॅग अडकवायचे कॅरिअर हे सगळे जुन्या सायकलच्या मापाचे असते. मात्र तीन ट्यूब वाया जाऊ नयेत म्हणून चुकीच्या टायरची सायकल घेणे शहाणपणाचे नाही.

माप हा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि दुकानात सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखे वर दाबून धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे. हे पायाचे आतले माप. त्याला ०.८८३ ने गुणले की पायडलांच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण मिळते. हा आकडा तूर द फ्रान्सचा अमेरिकन विजेता ग्रेग लेमाँड याच्या नावाशी जोडला गेला आहे. त्याच मापाला ०.६७ ने गुणून फ्रेमच्या उभ्या नळीची लांबी काढण्याची रीत आहे. आतले माप ८० सेंटिमीटर असेल, तर सीटची उंची सुमारे ७०.६ आणि फ्रेम सुमारे ५३.६ सेंटिमीटर येते. पण दुसरा ठोकताळा वरची नळी जमिनीला समांतर असण्याच्या काळातला आहे. आजच्या फ्रेमची वरची नळी मागे उतरती असते, त्यामुळे ‘५४’ हा शिक्का दोन कंपन्यांत दोन वेगळ्या मापांचा असू शकतो. त्याऐवजी कंपनीच्या तक्त्यातले ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ हे दोन आकडे पाहावेत. पायडलांच्या आसापासून हँडलच्या नळीचे तोंड किती उंच आहे ते स्टॅक सांगतो, आणि किती पुढे आहे ते रीच सांगतो. रोज दप्तर घेऊन, मान वर ठेवून रहदारीत जाणाऱ्याला स्टॅक जास्त आणि रीच कमी असलेली, लांब पल्ल्यासाठी बनवलेली रोडबाइक मानवते. शर्यतीसाठी घडवलेली फ्रेम दुकानात देखणी दिसते, पण रोज सकाळी सिग्नलला मान मोडून उभे राहायला लावते.

गेलेली सायकल इथे फार उपयोगी पडते. तळहात बधिर होत असतील, तर हँडल फार खाली किंवा फार पुढे होते. गुडघा पुढून दुखत असेल, तर बहुधा सीट खाली होती. मागून दुखत असेल, तर वर. हँडल धरणारा स्टेम बदलून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची दुरुस्ती होते. त्याहून जास्त फरक हवा असेल, तर फ्रेमचे मापच बदलावे. तेच मॉडेल पुन्हा घेणाऱ्यांनीही तक्ता तपासावा, कारण नाव तेच ठेवून कंपन्या फ्रेमची घडण बदलतात.

कमी उंचीच्या स्वारांनी, आणि त्यात स्त्रिया बऱ्याच असतात, एक चाचणी दुकानातच करावी. एक पायडल पुढे आडवे ठेवावे, त्यावर नेहमीचा बूट ठेवावा आणि हँडल हळूहळू वळवावे. बुटाचे टोक पुढच्या चाकाला घासते का ते पाहावे. छोट्या फ्रेमवर मोठे चाक बसवले की हे अंतर कमी पडते, आणि मडगार्ड लावल्यावर आणखी कमी होते. वेगात असताना चाक इतके वळतच नाही, त्यामुळे त्रास जाणवत नाही. पण गाड्यांच्या फटीतून चालण्याच्या वेगाने वळताना बूट अडकतो आणि स्वार आडवा होतो.

रोडबाइकच घ्यायची की सरळ हँडलची हायब्रिड, हे अंतरावर ठरते. ताशी २० किलोमीटरच्या आसपास वाऱ्याचा विरोध आणि टायरचे घर्षण साधारण बरोबरीचे असतात. वेग वाढला की वारा झपाट्याने भारी होतो, कारण त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. खाली वळलेल्या हँडलवर शरीर लहान होते आणि हात बदलायला तीन-चार जागा मिळतात. आठ-दहा किलोमीटरांपुढच्या वाटेवर हे दोन्ही फायदे स्पष्ट जाणवतात. पाच किलोमीटरच्या आत, दर चौकात थांबताना, ते फारसे कामाला येत नाहीत आणि हायब्रिड पुरते.

आपल्या रस्त्यांवर सायकलचा स्वभाव टायर ठरवतो. रोडबाइकच्या टायरवर ७००×२५, ७००×२८ किंवा ७००×३२ असे आकडे असतात. मागचा आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. ७०० हे केवळ नाव आहे. टायर ज्या रिमवर बसतो तिचा खरा व्यास ६२२ मिलिमीटर असतो. जुन्या काळ्या २८ इंची सायकलचा हाच व्यास ६३५ असतो, म्हणून नाक्यावरच्या दुकानात टांगलेला ‘अठ्ठावीसचा’ टायर रोडबाइकला बसत नाही. अरुंद टायर दगडासारखा टणक भरावा लागतो. तो जरा सैल राहिला आणि खड्ड्याच्या कडेवर आपटला की ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यात चेमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते, त्यामुळे दाब कमी ठेवता येतो आणि गतिरोधक व पेव्हर ब्लॉक यांचे हादरे मनगटापर्यंत येत नाहीत. रोजच्या कामासाठी ३२ मिलिमीटर हे माप उत्तम. २५ पुरतो म्हणणारे बहुधा रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर जाणारे असतात.

फ्रेममध्ये या टायरला जागा हवी, आणि वर मडगार्डलाही. मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला आटे पाडलेली दोन छिद्रे आहेत का ते बसून पाहावे: एक मडगार्डच्या तारेसाठी, दुसरे कॅरिअरसाठी. ती नसतील, तर सायकल शर्यतीची आहे, कामाची नाही. चाकाला पूर्ण लांबीचे मडगार्ड हवे. त्याने कपडे वाचतात हे दिसतेच. पण पुढच्या चाकावरून उडणारा चिखल चेनवर आणि बेअरिंगवर जाऊन बसत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे. मुंबई-कोकणातल्या पावसात मडगार्डशिवाय चेन एका पावसाळ्यात निकामी होऊ शकते.

ब्रेकचा निर्णयही पाऊसच करतो. रिमवर दाबणारे ब्रेक हलके, स्वस्त आणि कोणत्याही मिस्त्रीला येणारे. ओल्या रिमवर मात्र पहिले काही क्षण ते धरत नाहीत. त्यातच वाळूचे कण रबरात रुतून रिमच खरवडतात. डिस्क ब्रेक पावसातही भरवशाने लागतात. त्यातले तारेचे डिस्क घरी पान्याने जुळवता येतात. तेलाचे बोटाच्या हलक्या दाबाने लागतात, पण त्यांतली हवा काढायला जाणकार लागतो आणि तेल कंपनीने सांगितलेलेच घालावे लागते. घराजवळच्या मिस्त्रीला काय येते, हे विचारूनच निवड करावी. रोजची सायकल आठवडाभर दुकानात पडून राहिली, तर चांगल्या ब्रेकचा काय उपयोग?

गिअरच्या बाबतीत किती आहेत यापेक्षा सर्वांत हलका किती हलका आहे हे पाहावे. ७००×२८ चाकाचा एक फेरा सुमारे २.१ मीटरचा. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.२ मीटर जाते. कात्रजच्या चढावरही हे पुरते. पुढे ५० आणि मागे ११ असेल, तर ती साडेनऊ मीटर जाते. मिनिटाला ८० फेरे मारले तर वेग ताशी ४५ किलोमीटरच्या वर. कामावर जाताना तो कोणाला लागत नाही. शिमानोच्या क्लॅरिसमध्ये मागे ८ चक्रे असतात, सोरामध्ये ९, टिआग्रात १०, आणि १०५ मध्ये ११ किंवा १२. चक्रे वाढली की चेन अरुंद आणि महाग होते. रोजच्या वापराला आठ-नऊ पुरेत. त्यांचे भाग सहज मिळतात आणि चोराच्या डोळ्यांतही ते कमी भरतात.

वजनाचे आकर्षण गणिताने उतरवावे. दहा किलोमीटरची वाट, तिच्यात एकूण ६० मीटर चढ, आणि दोन किलो जड सायकल. ते दोन किलो चढावर नेण्यासाठी सुमारे १,२०० जूल लागतात. वीस सिग्नलांना थांबून पुन्हा ताशी २० चा वेग धरण्यासाठी आणखी ६०० च्या आसपास. स्वार अर्धा तास १०० वॅटने पायडल मारत असेल, तर त्याचे एकूण काम १,८०,००० जूल होते. म्हणजे दोन किलोंचा भार एक टक्का. त्यासाठी वीस-तीस हजार रुपये मोजणे रोजच्या वाटेवर वसूल होत नाही. सायकल तीन मजले खांद्यावरून चढवायची असेल, तर गोष्ट वेगळी. फ्रेमचा धातू म्हणून अॅल्युमिनियम ठीक. क्रोमोली पोलाद थोडे जड, पण वाकले तर दुरुस्त होणारे. खांबाला साखळीने बांधल्या जाणाऱ्या सायकलसाठी कार्बन घेऊ नये.

चोरीनंतर बजेट आटले की वापरलेली सायकल हा चांगला मार्ग आहे. पण तिथे पाऊल जपून टाकावे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम २७ सांगते की विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती घेणाऱ्याला मिळत नाही. चोरीची सायकल पैसे देऊन घेतली तरी ती मूळ मालकाचीच राहते. माल चोरीचा आहे हे जाणून, किंवा तसे मानायला कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल नाही, क्रमांक घासलेला आहे, भाव निम्म्याहून खाली आहे आणि विकणारा घरी न बोलावता चौकात भेटायला सांगतो, अशी सायकल घेऊ नये. ती कोणाच्या तरी कामावर जाण्याची सायकल असते, आणि असा सौदा स्वीकारणारे गिऱ्हाईक आहे म्हणूनच ती चोरली जाते.

बिल ठीक असेल, तर चेन मोजावी. चेनच्या लागोपाठच्या पिनांत अर्धा इंच अंतर असते, म्हणून नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. माप एक सोळांश इंचाने वाढले असेल, तर चेन बदलायला झाली. एक अष्टमांश वाढले असेल, तर मागच्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेटही, झिजली आहे, आणि तो खर्च भावातून वजा करावा. मग चाके उचलून फिरवावीत. चाक थोडे डावी-उजवीकडे डुलत असेल, तर हा ‘आउट’ काढता येतो. पण तारा तुटलेल्या असतील किंवा रिमची बाजू आत खोलगट झाली असेल, तर नवे चाक लागेल. हँडलच्या नळीखाली, जिथे खालची नळी जोडलेली असते, तिथे रंग तडकलेला किंवा फुगलेला दिसला, तर सायकल समोरून धडकलेली आहे.

कुलूप शेवटी घेतले तरी त्याचे पैसे आधी बाजूला ठेवलेले असतात. साधी तार कटरने काही सेकंदांत तुटते. ती सीट किंवा हेल्मेट अडकवण्यापुरती. मुख्य कुलूप कठीण पोलादाचे यू-आकाराचे हवे. अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीने १९७० च्या दशकात या प्रकाराचा प्रसार केला. २००४ मध्ये त्या प्रकारची गोल किल्लीची कुलपे बॉलपेनच्या प्लॅस्टिक नळीने उघडतात हे उघड झाले आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. म्हणून सपाट किल्लीचे कुलूप घ्यावे. ब्रिटनमधली सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपे तोडून पाहते आणि त्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा श्रेणी देते. खोक्यावर तो शिक्का शोधावा.

कुलूप लावण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. अमेरिकन मेकॅनिक आणि लेखक शेल्डन ब्राउन यांनी सांगितलेली पद्धत अशी : लहान यू-कुलूप मागच्या चाकाच्या रिमभोवती, पण फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत राहील असे खांबाला अडकवायचे. मागचे चाक त्रिकोणातून ओढून काढता येत नाही, त्यामुळे चाक आणि फ्रेम दोन्ही एकाच कुलुपात सापडतात. पुढच्या चाकासाठी वेगळी साखळी लागते. हात फिरवून सुटणारे क्विक रिलीजचे आस पंक्चर काढताना सोयीचे आणि चोरालाही तितकेच सोयीचे. त्यांच्या जागी षट्कोनी पान्याने उघडणारे आस बसवावेत. खांब जमिनीत पक्का आणि वरून सायकल उचलून काढता येणार नाही इतका उंच हवा. कुलूप जमिनीला टेकू देऊ नये, म्हणजे त्यावर हातोड्याचा घाव नीट बसत नाही.

नवी सायकल पहिले काही आठवडे सैल होते. ब्रेक आणि गिअरच्या तारा ताणल्या जातात, चाकाच्या तारा आपल्या जागी बसतात, हँडलच्या बेअरिंगमध्ये किंचित खेळ येतो. साधारण महिन्याभराने दुकानात नेऊन आउट काढून घ्यावा, तारा ताणून घ्याव्यात आणि सीटच्या नळीवर टेपने खूण करावी, म्हणजे साफसफाईत खाली गेलेली उंची पुन्हा लावता येते.